ॲडमिशनचं जेवण

'अनडिक्लेअर्ड' हा शब्द मी तोवर फक्त विमानतळावर ऐकला होता. कस्टम्सचा माणूस आपल्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालतो, लोणच्याची बरणी वर काढतो आणि विचारतो, हे डिक्लेअर का नाही केलं? त्यामुळे एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑक्टोबरात आमची उत्तरा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी कॉलेजला अनडिक्लेअर्ड अप्लाय करणार," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ती बरणीच आली.

"म्हणजे काय करणार?" मी विचारलं.

"म्हणजे फॉर्ममध्ये मेजर नाही लिहिणार. आय डोन्ट नो येट."

मेजर म्हणजे मुख्य विषय. पण हे 'आय डोन्ट नो' आमच्या घराण्यात कुणी उच्चारलेलं नाही. आम्हाला माहीत असायचं असं नाही, पण विचारतो कोण? अकरावीचा निकाल लागला की मार्कच सांगायचे, तू डॉक्टर, तू इंजिनिअर, तू बँकेच्या परीक्षेला बस. मला मेकॅनिकल मिळालं. मला मेकॅनिकल आवडतं का, हा प्रश्न मला आजतागायत कुणी विचारलेला नाही आणि मीही स्वतःला विचारून उगाच घरात भांडण लावलेलं नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका कंपनीत मी पंपांचे व्हॉल्व्ह बनवतो. चांगले बनवतो. पगार वेळेवर होतो.

"गणितात पहिली येतेस, फिजिक्समध्ये पहिली येतेस," मी म्हणालो, "आणि तुला माहीत नाही?"

"इंग्लिशमध्येपण येते," ती म्हणाली. "सो व्हॉट?"

माझी बायको सुमित्रा आमटी वाढत होती. ती म्हणाली, "अहो, शाळेत जाऊन त्यांच्या बाईंना भेटा तरी." म्हणून मी शाळेत गेलो. मिसेस हॅलोरन नावाच्या बाई तिथे मुलांना कॉलेजबद्दल सल्ला देतात. त्यांच्या टेबलावर टॉफ्यांचं भांडं होतं आणि चेहऱ्यावर कायमचं समाधान होतं. त्यांनी मला समजावलं की राज्याच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. अनडिक्लेअर्ड गेलं तर आत जाणं सोपं, पण पुढे इंजिनिअरिंगमध्ये शिरायचं तर मार्क फार वरचे लागतात. "पण मिस्टर नेरूरकर," त्या म्हणाल्या, "शी शुड एक्स्प्लोर."

एक्स्प्लोर! आमच्याकडे एक्स्प्लोर केलं ते एकट्या माझ्या धाकट्या आत्याच्या यजमानांनी. त्यांनी आधी कोंबड्या पाळून पाहिल्या, मग उदबत्त्या केल्या, मग टपालाने होमिओपॅथी शिकले आणि शेवटी आत्याने शिवणाचे क्लास काढले तेव्हा घर चाललं. हे सगळं मिसेस हॅलोरनना इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. त्या म्हणाल्या, "हाऊ वंडरफुल!"

शेजारच्या वॉल्टला विचारलं. तो पानं गोळा करत होता. त्याचा मुलगा सहा वर्षं अनडिक्लेअर्डच होता म्हणे, आता लोकांच्या परसात स्विमिंग पूल बसवतो. "ही'ज हॅपी," वॉल्ट म्हणाला. मी मान डोलावली, पण हॅपी हे काही मेजर नाही.

मग प्रकरण मराठी मंडळात गेलं, म्हणजे मी नेलं नाही, ते आपोआप गेलं. मंडळाचे अध्यक्ष कुमार दांडेकर हे माझे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांना कुठल्याही विषयात मत आहे आणि ते उभं राहून सांगण्याची सवय आहे. त्यांच्या पत्नी पद्मिनीवहिनींनी चहा आणला आणि कुमार उभा राहिला.

"प्रल्हाद, अनडिक्लेअर्ड म्हणजे पंगतीत पान न मांडता नुसतंच दारात उभं राहणं. वाढपी येतो नि जातो. तू तिला इलेक्ट्रिकल लिहायला लाव."

"आणि नाही मिळालं तर?"

"आमच्या अतुलला आम्ही तिसरीतच विचारून ठेवलंय," पद्मिनीवहिनी म्हणाल्या. अतुल त्या वेळी अकरावीत होता आणि सोफ्यावर पाय वर घेऊन चिप्स खात होता. "तो म्हणाला, कॉम्प्युटर. संपलं. मुलांना इतका वेळ द्यायचाच नसतो, भावजी."

कुमारने आवाज खाली आणला. "एक सांग. त्या युनिव्हर्सिटीत आपलं कुणी आहे का?"

हे वाक्य मी पंधरा वर्षांनी ऐकत होतो. अमेरिकेत आल्यापासून मी सगळी कामं रांगेत उभं राहून, पोस्टाने, नियमाप्रमाणे केली होती, आणि आतून सारखं वाटायचं की आपण काहीतरी मूर्खपणा करतोय. मराठी माणसाचा देवाइतकाच वशिल्यावर विश्वास असतो. दोन्ही दिसत नाहीत, पण कुणाला तरी पावलेले असतात.

"इथे असलं चालत नाही रे," मी म्हणालो.

"चालत नाही असं नाही. आपल्याला कुणी माहीत नाही, असं आहे," कुमार म्हणाला.

आणि दोनच शनिवारांनी देव पावला. शिकागोत डेव्हन रस्त्यावरच्या दुकानात आम्ही महिन्याचा किराणा घ्यायला गेलो होतो. भेंडीच्या ढिगापाशी एक गृहस्थ एकेक भेंडी शेंडा मोडून पाहत होते आणि बायकोला म्हणत होते, "कांचन, तीन तास ड्राइव्ह करून आलोय, जून भेंडी नेणार नाही." तीन तासांवर दक्षिणेला काय आहे? तीच युनिव्हर्सिटी! मी पुढे झालो.

"नमस्कार. आपण मराठी वाटतं?"

गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा प्रकाश एकदम गेला. "हो," ते म्हणाले आणि भेंड्या भराभर पिशवीत टाकू लागले, जून-कोवळी न बघता.

"मी प्रल्हाद नेरूरकर. आपण युनिव्हर्सिटीत असता का?"

"सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. डॉक्टर सबनीस. बरंय, येतो."

सिव्हिल का होईना, इंजिनिअरिंगच! मी गाडीपर्यंत मागे गेलो. घरी जेवायला या म्हणालो. ते म्हणाले, वेळ नसतो. मी म्हणालो, पुढच्या खेपेला या. ते म्हणाले, पुढच्या खेपेलाही नसणार. मला जरा लागलं. मराठी माणूस मराठी माणसाला असा झटकत नाही, निदान पहिल्या भेटीत तरी. पण सुमित्रा कांचनताईंशी बोलत होती आणि तिच्या तोंडून निघून गेलं की आमच्या परसात उन्हाळ्यात अळू होतं आणि अळूवड्यांचे उंडे फ्रीझरमध्ये आहेत. कांचनताई थांबल्या. "एकनाथ," त्या म्हणाल्या, "आपण जातोय."

त्यानंतरचे तीन आठवडे घरात लग्नघर होतं. गालिचा धुतला. पाहुण्यांच्या बाथरूमचा नळ गळत होता तो मी स्वतः दुरुस्त केला, कारण व्हॉल्व्हचा इंजिनिअर प्लंबरला बोलावतो हे कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सुमित्राने साउर क्रीम फडक्यात टांगून श्रीखंडाची तयारी केली. "वशिला लावायचा तर नीट लावा," ती म्हणाली. तिला उत्तराने काय लिहावं याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण पाहुण्यांपुढे फजिती नको होती.

उत्तरा मात्र फुरंगटून बसली होती. "व्हाय इज ही कमिंग?"

"सहज. ओळखीचे आहेत."

"तुम्ही त्यांना भेंडीमध्ये भेटलात, बाबा."

वशिल्याचं एक शास्त्र आहे. कामाचं आधी बोलायचं नाही. गाव, गोत्र, हवा, कुणाचा मेहुणा कुठे, हे सगळं झालं की मसालेभातावर हलकेच भविष्याचा विषय काढायचा आणि काम श्रीखंडानंतर सांगायचं. खाल्ल्यावर नाही म्हणणं जड जातं. मी शास्त्राप्रमाणे चाललो होतो. पण डॉक्टर सबनीस खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि ओव्हरकोट त्यांनी मांडीवर घेतला होता.

"माणसानं मुलांच्या भविष्याचा विचार वेळेवर करायला हवा," मी मसालेभात वाढत सुरुवात केली.

डॉक्टरांचा घास थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुमच्यासारख्यांच्या किती ओळखी असणार!"

"नाहीत," ते म्हणाले. "एकही नाही. आम्ही कुणाकडे जात नाही, कुणी आमच्याकडे येत नाही."

"असं कसं? तुम्ही नुसता शब्द टाकलात तरी पुरे. आणि आम्ही काही केलेलं विसरणारी माणसं नाही. यात दोन्ही घरांचं भलं आहे."

"आम्हाला लागतं ते सगळं आम्ही दुकानातून आणतो," डॉक्टर म्हणाले. मला याचा अर्थ कळला नाही. विद्वान लोक मध्येच असं बोलतात, म्हणून मी आणखी तूप वाढलं.

ते हात धुवायला उठले. पाहुण्यांच्या बाथरूममधून आधी खट्ट असा आवाज आला, मग पाण्याचा. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची पुढची बाजू भिजली होती आणि हातात आमच्या नळाची मूठ होती. तो दुरुस्त केलेलाच नळ. त्या क्षणी मला माझ्या डिग्रीबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही. मी पाणी बंद करायला धावलो आणि ओरडलो, "तळघरात सिंक आहे, तिथे धुवा!"

तळघरात सिंक आहे हे खरं. पण सिंकशेजारी कपडे धुण्याच्या साबणाच्या पेट्याही आहेत. सुमित्रा कूपनं कापते. सेल लागला की ती साबण असा आणते जणू उद्यापासून देशात कपडे मळायलाच बंदी येणार आहे. पेट्या छतापर्यंत गेल्या होत्या. डॉक्टर वर आले ते पांढरेफटक पडून.

"कांचन, निघूया. मोठा ड्राइव्ह आहे."

कांचनताईंच्या हातात अळूवडी होती. "आत्ता?"

"अहो, असं कसं?" मी दारात आडवा उभा राहिलो. "मुख्य गोष्ट तर अजून बोललोच नाही!"

"मला साबण नकोय!" डॉक्टर ओरडले. "मला विकायचाही नाही, विकत घ्यायचाही नाही, माझ्याखाली पाच माणसं जोडायचीही नाहीत!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचकांना सांगायला हवं की त्या काळात साबणाच्या एका स्कीमने आपल्या लोकांना पार पछाडलं होतं. अनोळखी देशी माणूस दुकानात प्रेमाने जवळ यायचा, "आपण मराठी वाटतं?" म्हणायचा, घरी जेवायला बोलवायचा आणि जेवण झालं की फळा काढून त्यावर वर्तुळं काढायचा. एक तुम्ही, तुमच्याखाली पाच, त्या पाचांखाली पंचवीस. जेवलेला माणूस साबण घेऊनच घरी जायचा. मी स्वतः अशा दोन जेवणांत सापडलो होतो. डॉक्टर सबनीस चारांत सापडले होते. आणि मी भेंडीपासून मसालेभातापर्यंत शब्दनशब्द तसाच बोललो होतो.

मी काही बोलणार तोच उत्तरा हसत सुटली. टेबलावर डोकं ठेवून हसली. "काका, बाबांना साबण नाही विकायचाय," ती म्हणाली. "ही इज ट्राइंग टू सेल मी!"

मग तिनेच सगळं सांगितलं, तिच्या त्या अर्ध्या मराठीत. मेजर, अनडिक्लेअर्ड, इलेक्ट्रिकल, ओळख. श्रीखंड व्हायच्या आधी. इतक्या वर्षांचं शास्त्र त्या पोरीने दोन मिनिटांत मातीत घातलं. मी नळाची मूठ हातात घेऊन उभा होतो.

पण डॉक्टर सबनीस बदलले. साबण नाही हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला कळेना, हा तोच माणूस का. ओव्हरकोट त्यांनी कोपऱ्यात टाकला, माझा कोरडा शर्ट घातला आणि श्रीखंडाची वाटी पुढे केली.

"नेरूरकर, इंजिनिअरिंगचे काठावरचे अर्ज आम्ही पाच प्रोफेसर बसून बघतो, हे खरं," ते म्हणाले. "पण ओळखीच्या मुलाचं नाव आलं की ज्याची ओळख त्यानं खोलीबाहेर जायचं. तसा नियमच आहे."

"पण आपली कुठे ओळख आहे?"

"आता झाली ना. अळूवड्या खाल्ल्या तुमच्या."

"नाही खाल्ल्या असं समजा."

"मी सहा खाल्ल्या," कांचनताई म्हणाल्या.

म्हणजे ज्या खोलीत त्या युनिव्हर्सिटीतला माझ्या ओळखीचा एकमेव माणूस बसला होता, तिथून मी त्याला जेवू घालून उठवला होता. हे पचवायला मी पान घेतलं.

इकडे उत्तरा त्यांना विचारत होती, तुम्ही शिकवता काय? "पूल का पडतात ते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन वाट्या उपड्या ठेवल्या, वर पापड आडवा ठेवला आणि हलकेच बोटाने दाबला. मोडला नाही. सोडला, पुन्हा दाबला. पुन्हा नाही. पुन्हा. पुन्हा. आणि मग तितक्याच हलक्या हाताने एकदा दाबल्यावर कडकन दोन तुकडे. "आधी का नाही तुटला?" उत्तराने विचारलं. "तोच तर माझा सगळा धंदा आहे," ते म्हणाले. मग त्या दोघांनी भाजलेले, तळलेले, उडदाचे, पोह्याचे असे सगळे पापड मोडले. सुमित्रा तळत राहिली. मी एकदा इलेक्ट्रिकलचा विषय काढून पाहिला. कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात उत्तराने फॉर्म भरला आणि मला दाखवला. पहिली पसंती, सिव्हिल इंजिनिअरिंग. दुसरी, अनडिक्लेअर्ड.

"सिव्हिल?" मी उडालोच. "अगं नको! तू अनडिक्लेअर्डच लिही पहिलं!"

"बाबा?"

"अनडिक्लेअर्ड चांगलं असतं! एक्स्प्लोर कर! वॉल्टचा मुलगा बघ किती हॅपी आहे!"

सुमित्राने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. "अहो, महिनाभर तुम्हीच तिला इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंग करत होता ना?"

"पण आता तो माणूस बाहेर जाणार! आपल्या बाजूचं आत कुणी उरणार नाही!"

"गुड," उत्तरा म्हणाली आणि पाकीट चिकटवलं.

फेब्रुवारीत जाडजूड लिफाफा आला. सिव्हिल इंजिनिअरिंग, ॲडमिशन मंजूर. संध्याकाळी डॉक्टर सबनीसांचा फोन आला. "तिचं नाव आलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये कॉफी पीत उभा होतो," ते म्हणाले. "चौघांनी घेतली. वाद झाला म्हणे थोडा, पण घेतली." मला आनंद झाला. खूप झाला. त्यात चिमूटभर अपमानही होता, की इतक्या अळूवड्यांचा कशाला म्हणजे कशालाच उपयोग झाला नाही. पण तो मी गिळला.

मंडळाला मात्र वशिल्याशिवायची ॲडमिशन काही गिळता येईना. जेवणाचा बेत मीच कुमारला आधी सांगून बसलो होतो आणि कुमारने तो मंडळाला सांगितला होता. त्यामुळे बातमी फुटताच जो तो म्हणू लागला, "शेवटी लावलातच!" मी नाही नाही म्हणायचो. कुमार फोनवर डोळा मारायचा. फोनवर डोळा मारलेला ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. "हो रे, नाहीच लागला. मी कुणाला बोलतोय का?" तो म्हणायचा. जितकं नाकारावं तितका वशिला पक्का होत गेला. डेव्हनवर सबनीसांना भेंडीजवळ गाठून जेवणाची आमंत्रणं येऊ लागली. शेवटी ते भाजी आणायला दुसऱ्या राज्यात, सेंट लुईसला जाऊ लागले.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण मार्चमध्ये एका रविवारी उत्तरा पाडव्याच्या नाचाच्या तालमीहून आली, खोलीत गेली आणि बाहेर येऊन तिने युनिव्हर्सिटीला पाठवायचं होकाराचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. सिव्हिलवर काट मारली होती. अनडिक्लेअर्डवर खूण होती.

"हे काय?"

"अतुल म्हणाला, मस्ट बी नाइस, तुझ्या बाबांनी प्रोफेसरला जेवायला घातलं. सगळे हसले." तिने कार्ड माझ्याकडे आणखी सरकवलं. "एव्हरीबडी थिंक्स यू बॉट इट विथ अळूवडी, बाबा. मी तिथे नाही जाणार. अनडिक्लेअर्ड कुणालापण मिळतं. त्याला तरी कुणी वशिला नाही म्हणणार."

"लोकांचं काय मनावर घेतेस?"

"तुम्हीच रोज म्हणता, लोक काय म्हणतील."

ती रडत नव्हती, आणि तेच मला सहन होईना. "दॅट वॉज माइन," ती म्हणाली. "मी एकटीनं केलं होतं ते." ती वर गेली. कार्ड एक मेच्या आत पोचायला हवं होतं. सुमित्राने ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं, आणि त्यानंतर मी फ्रिज उघडायचंच टाळू लागलो. दूध हवं असलं तरी मी सुमित्रालाच काढायला सांगायचो.

पाडवा आमच्याकडे सोयीच्या शनिवारी येतो, एका शाळेच्या सभागृहात. त्या वर्षी गुढी बास्केटबॉलच्या बास्केटला बांधली होती. नाच झाला, नाट्यछटा झाली आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांचं कौतुक सुरू झालं. कुमार माइकवर होता. "उत्तरा नेरूरकर! सिव्हिल इंजिनिअरिंग!" टाळ्या पडल्या. "आणि यात तिच्या बाबांचा वाटा फार मोठा आहे. पुढचं मी बोलत नाही!" सगळं सभागृह खो खो हसलं. उत्तरा स्टेजवर नारळ हातात घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली.

मी कधी उठलो मला माहीत नाही. सुमित्राने कोट ओढला तेवढं आठवतं. मी स्टेजवर गेलो आणि कुमारच्या हातातून माइक घेतला. तो सहज सोडत नव्हता.

"मी बोलतो पुढचं," मी म्हणालो. "मी वशिला लावला. मनापासून लावला. गालिचा धुतला, नळ मोडला, श्रीखंड केलं. आणि तो वशिला लागला नाही! अजिबात लागला नाही! नियम असा आहे की ओळख असली की माणूस खोलीबाहेर जातो. म्हणजे माझ्यामुळे हिच्या बाजूनं बोलू शकणारा एक माणूस बाहेर गेला. मी जेवायला बोलावलं नसतं तर हिला सोपं गेलं असतं. मी आडवा आलो, तरी ही आत गेली." मी उत्तराकडे बोट दाखवलं. "ती हुशार आहे. मी नाही. बसा."

शेवटचा शब्द कुणासाठी होता मला माहीत नाही, कारण सगळे बसलेलेच होते. वशिला लावून लागला नाही हे मराठी माणूस चारचौघांत कबूल करत नाही. लागला तर लपवतो, नाही लागला तर लावलाच नव्हता म्हणतो. मग पद्मिनीवहिनी मोठ्यांदा म्हणाल्या, "किती विनय हो भावजींचा!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्यातल्या एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

पार्किंग लॉटमध्ये कुमारने मला गाडीआड ओढलं. चेहरा गंभीर होता. "प्रल्हाद, खरंच नाही लागला?"

"नाही."

"मग अतुलसाठी कुणाला जेवायला बोलवायचं ते तरी सांग."

मी गाडीत बसलो. उत्तरा मागच्या सीटवर नारळ मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही हायवेला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "से इट अगेन."

"काय?"

"ते. वशिल्याचं."

"लागला नाही," मी म्हणालो.

"पूर्ण म्हणा."

"माझा वशिला लागला नाही!" मी ओरडलो. शेजारच्या लेनमधल्या ट्रकवाल्याने वळून पाहिलं. उत्तरा हसत होती, पापडांच्या दिवशी हसली होती तशी, आणि तिने मागून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले होते. एरवी मी तिला सीटबेल्टवरून रागावलो असतो.

सकाळी फ्रिजवरचं कार्ड नव्हतं. सोमवारी उत्तराने युनिव्हर्सिटीला फोन करून नवं मागवलं. ते आलं, तिने सिव्हिलवर खूण केली, पाकिटात घातलं आणि माझ्याकडे दिलं. "तुम्ही टाका," ती म्हणाली, पण माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीपर्यंत आली. मी पाकीट आत सोडलं आणि नीट पडलं का ते बघायला झाकण पुन्हा उघडलं.

"बाबा, इट्स इन."

"माहीत आहे मला," मी म्हणालो आणि आणखी एकदा उघडून पाहिलं.